अळंबी लाडकी, वाघूळ मात्र नकोसं

काल सकाळी काकीबरोबर अळंबी काढायला गेले होते, श्रावणातली सर नुकतीच थांबलेली, आणि आमच्या गुहागरकडच्या देवराईत वारुळावर पांढऱ्या छत्र्याच छत्र्या! काकी देठ ओढत नाही, दोन बोटं मातीत खुपसून हळूच हलवते, कारण देठ खाली पार वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो. ही अळंबी खरं तर वाळवीची शेती आहे. वाळवी सुका पाचोळा आत नेते, चावून त्याचे स्पंजासारखे गोळे रचते, त्यावर बुरशी धरते आणि त्यावरच तिचं पोट. म्हणून तर धिंगरीसारखी ही शेडमध्ये पिकवता येत नाही.

तेवढ्यात वर कलकलाट, मोठ्या बेहड्यावर वाघळं लटकलेली. ही फळं खाणारी मोठी जात, पंख पसरले की चार फुटांच्या वर. अळंबी मिळाली की घरोघरी वाटे जातात आणि वाघळं दिसली की फटाके काढतात. मागच्या एप्रिलमध्ये चिकू खातात म्हणून कोणीतरी सुतळी बॉम्ब लावले, पिल्लं आईच्या पोटाला चिकटलेली होती हो, मला फार वाईट वाटलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेही त्यांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकलं होतं, ती यादी २०२२ च्या दुरुस्तीत गेली.

झाडाखाली उंडीच्या बिया पडल्या होत्या. उंडीची झाडं सगळी खाली खाडीकाठाला, इथे एकही नाही. वाघळं फळ इथवर आणतात, वरचा गर खातात, बी टाकतात, एका बीवर दातांचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. आजी ह्याच बिया वेचून घाण्यावर दिव्याचं कडू तेल काढून आणायची. वडा-उंबराचं बारीक बी तर त्यांच्या पोटातून कुठल्या कुठे जातं, रुजतं, झाड मोठं होतं, पाचोळा गळतो, तो वाळवी नेते आणि मग आपल्या पातेल्यात अळंबीचं सुकं! एक जागची हलत नाही, दुसरं रात्रभर भटकतं, पण रान दोघांचं एकच.

काकीने पूर्ण उमललेल्या पाच-सहा छत्र्या तशाच ठेवल्या, म्हणाली, "त्यांची भुकटी पडूंदे गो." ही भुकटी म्हणजे अळंबीचं बीच, नव्या वारुळाची वाळवी तीच बाहेरून घरात नेते, तेव्हा शेती सुरू होते.

उंडीच्या तीन बिया मी ओटीत घेतल्या. कुंपणाच्या कडेला जागा आहे.