मासळीच्या बर्फातली निळी बाटली

शेठनं गाडीच्या डिकीतून ती बाटली काढली तेव्हा माझ्या पोऱ्याला वाटलं, आग विझवायचा सिलिंडर आहे. उंची तेवढीच, वर व्हॉल्व्ह, रंग मात्र निळा. सोबत खोक्यात दोन सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह, स्टीलच्या जाळीचे पाइप, एक नॉझल आणि चकचकीत कागदावर छापलेलं पुस्तक.

"काका, नायट्रस. पाऊस लागायच्या आत बसवून द्या."

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. आठ-दहा दिवसांत मांडव्याच्या लाँच बंद व्हायच्या आणि या असल्या शौकाच्या बोटीही ओढून वर घ्यायच्या. म्हणजे शेठला उरलेले एक-दोन रविवार मित्रांना पाणी उडवून दाखवायचं होतं. बोट बावीस फुटी, आत ५.७ लिटरचं जुनं कार्ब्युरेटरवालं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, २६० हॉर्सपॉवर. मी सत्तावीस वर्षं दारूखाना ते कुलाबा याच धंद्यात आहे. आउटबोर्ड, इनबोर्ड, ट्रॉलरची डिझेल, सगळं उघडलंय. नायट्रसचं किट मात्र समुद्रातल्या इंजिनावर कधी बसवलं नव्हतं. नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगतो, मलाही बघायचं होतं.

नायट्रस ऑक्साइड, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायचा हा गॅस. लोक त्याला पेट्रोलसारखं जळणारं काहीतरी समजतात. तो स्वतः जळत नाही. हवेत वजनाच्या हिशेबानं साधारण २३ टक्के ऑक्सिजन असतो, यात ३६ टक्के. इंजिनाच्या सिलिंडरमधल्या उष्णतेनं गॅस फुटला की तो ऑक्सिजन मोकळा होतो आणि जास्त पेट्रोल जाळता येतं. दाताच्या डॉक्टरकडे नाकावर लावतात तोच हा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी उंचावर हवा विरळ झाली की इंजिनाचा दम टिकावा म्हणून विमानांत हाच वापरला होता. सगळी मेख 'जास्त पेट्रोल' या दोन शब्दांत आहे. गॅस गेला आणि त्याच्या मापात पेट्रोल गेलं नाही, तर आग जळायची ती पिस्टनवर.

आमचं किट 'वेट' होतं, म्हणजे एकाच नॉझलमधून गॅस आणि जादा पेट्रोल दोन्ही. जेट, म्हणजे किती माल जाणार ते ठरवणारी बारीक भोकं, जादा ७५ हॉर्सपॉवरचे. मी एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे प्लग घातले, डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगीचं टायमिंग ३ डिग्री मागे घेतलं आणि पाण्यातला पंखा बदलला. हे पुस्तकात नव्हतं. गाडीला गिअर असतात, बोटीला एकच पंखा. ताकद वाढली की इंजिन नुसतं फिरतच जातं. म्हणून १७ इंची पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात तेवढा पुढे ढकलणारा, काढून १९ इंची चढवला. गॅसशिवाय बोट थोडी जड उठणार, ते शेठला आधीच सांगून ठेवलं.

दोन गोष्टींवरून आमचं वाजलं. एक, कार्ब्युरेटरवरचा फ्लेम अरेस्टर. जाळीचं ते काळपट डबडं काढून शेठला गाड्यांचा लाल फिल्टर बसवायचा होता, फोटोत छान दिसतो म्हणून. बोटीचं इंजिन बंद खोलीत असतं, खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, पेट्रोलची वाफ साचते. कार्ब्युरेटरमधून उलटी आग आली तर ती त्या जाळीतच विझावी, एवढ्यासाठीच तो असतो. "तो काढायचा तर दुसरा मिस्त्री बघा," मी म्हटलं. ते शेठनं ऐकलं. दुसरी, आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, मर्यादेजवळ गेले की गॅस तोडणारी एक छोटी डबी. ती किटमध्ये येत नाही, वेगळी घ्यावी लागते. शेठनं घेतली नव्हती. "मागवतो ना काका, ट्रायल तर होऊ द्या." ते मी ऐकलं.

ट्रायलच्या आदल्या दुपारी गेटवेसमोर मुरिंगवर, म्हणजे बोट बांधायच्या जागी, बाटली जागेवर बसवली आणि झाकण लावून जेवायला गेलो. परत येऊन गेज बघितला तर प्रेशर १३०० पीएसआय. पुस्तक म्हणतं ९०० ते ९५०. त्याच पुस्तकात बाटली गरम करायच्या हीटरवर चार पानं आहेत आणि गार कशी करायची यावर एक ओळ नाही. लिहिणारा कुठल्यातरी थंड गावचा असणार. बाटलीत हा गॅस द्रवरूपात असतो आणि ३६ डिग्रीच्या थोडं वर गेलं की द्रव उरतच नाही. मे महिन्यात बंद झाकणाखाली किती होत असेल, ते ज्यानं तिथे डोकं घातलंय त्यालाच विचारा. प्रेशर वाढलं की गॅस जास्त जाणार, पेट्रोलचा पंप मात्र आपल्या ठरल्या मापानंच देणार. पिस्टनचं मरण.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ससून डॉकला गेलो. ओळखीच्या मावशींकडून थर्माकोलची पेटी मागितली, लादी फोडून बर्फ भरून घेतला. पेटीच्या तळाला मासळीची खवलं तशीच चिकटलेली. साडेसात वाजता निळी बाटली त्या बर्फात आडवी, वर ओलं गोणपाट, आणि आम्ही तिघं बोटीवर.

ट्रायल कुठे घ्यायची यावर मी अडून बसलो होतो. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, तीही इंजिनाची चाचणीच घेत होती. त्या दिवसापासून 'ट्रायल' हा शब्द माझ्या तोंडून पूर्वीसारखा सहज येत नाही. म्हणून लाँचची वाट सोडून दक्षिणेला उघड्या पाण्यात, आणि पोऱ्या फक्त नजर ठेवायला. त्याला दुसरं काम नाही.

इंजिनखोलीतली वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर पाच मिनिटं चालवला. बटण शेठच्या हातात, थ्रॉटल पूर्ण उघडल्याशिवाय गॅस सुटणार नाही असा स्विच मी लावलेला. पहिला प्रयत्न फजितीचा. गॅस सुटला, इंजिन घुसमटलं, मागून काळा धूर. बर्फानं गेज ५०० वर आणला होता. आता गॅस कमी, पेट्रोल जास्त. बाटली बाहेर काढून गोणपाटात गुंडाळली आणि सावलीत वाट बघत बसलो. गंमत अशी की तीसेक डिग्रीला या गॅसचं प्रेशर आपोआप ९०० च्या आसपास येतं. म्हणजे मुंबईतली सकाळची सावली हाच त्याचा हीटर. अर्ध्या-पाऊण तासात काटा ९०० वर आला.

दुसरा प्रयत्न मी विसरणार नाही. गॅसशिवाय ४०५० आरपीएम, ३५ नॉट. शेठनं बटण दाबलं आणि पाठीत कोणीतरी लाथ घातल्यासारखं झालं. आवाज वाढला नाही, जाड झाला. ४६०० आरपीएम, ४० नॉट. पाच नॉट ऐकायला काहीच नाहीत, पण पाण्यावर बावीस फुटात बसलेल्याला कळतात. आठ सेकंदांत सोडायला लावलं. झाकण उचललं तर नॉझलवर आणि गॅसच्या पाइपवर पांढरंशुभ्र हिव जमलेलं. मी बोट टेकवलं, चिकटलं. मे महिन्यात, मुंबईच्या बंदरात! पोऱ्या तर त्याचे फोटोच काढत बसला.

इथं थांबायचं होतं. साडेचार किलोच्या बाटलीत सगळी मिळून दोन मिनिटांची मजा असते, त्यातली बरीच उरली होती. "काका, एकदाच. वीस सेकंद." मी मान हलवली. होकाराची.

भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो कधीच पुढे निघून गेली होती, पोऱ्यानं ती सांगितलीही होती. पण जहाज गेलं तरी त्याची लाट मागे फिरत असते, हे मी कोळ्यांच्या पोरांना शिकवतो आणि त्या दिवशी स्वतः विसरलो. बाराव्या-तेराव्या सेकंदाला नाळ, म्हणजे बोटीचं तोंड, उचलली गेली. पंख्यात हवा शिरली. भार गेला आणि इंजिन किंचाळत ४८०० च्या लिमिटरवर. लिमिटर ठिणगी तोडतो, गॅस आणि पेट्रोल तोडत नाही. न जळलेला माल मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांत, साचला, आणि पुढची ठिणगी पडली.

आवाज दिवाळीतल्या बाँबसारखा. झाकण चार बोटं उचललं जाऊन पडलं, इंजिन बंद.

त्यानंतरची शांतता मला नीट आठवते. लाटा बोटीच्या अंगाला थपथप लागत होत्या आणि शेठचं बोट अजून बटणावर होतं. मी त्याचा हात उचलून बाजूला केला, मेन स्विच पाडला. आग विझवायचा सिलिंडर हातात घेऊन आधी वासासाठी झाकणाची फट केली, मग उघडलं. आग नव्हती. बाटलीचा व्हॉल्व्ह बंद केला. फ्लेम अरेस्टरची जाळी एका बाजूनं काजळीनं काळी आणि बाहेरच्या अंगाला फुगलेली. शेठ त्या जाळीकडे बघत राहिला. लाल फिल्टरचं नाव मी काढलं नाही, त्यानंही नाही.

"मिस्त्री, आपण पोहून किती लांब?" पोऱ्यानं विचारलं. त्याला गंमत सुचतेय म्हणजे बरा आहे, असं धरलं.

पाच मिनिटं वारा लागू दिला, ब्लोअर चालवला, मग सेल्फ मारला. सात सिलिंडरवर लंगडत, सहा नॉटनं गेटवेपर्यंत आलो. वाटेत दोन लाँच शेजारून गेल्या, लोकांनी हात केले. शेठनंही केला.

मुरिंगला प्लग काढले. बाकीचे सात ठीक, सातव्या सिलिंडरचा मी रुमालावर ठेवून उन्हात धरला. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिठाच्या कणांएवढे चंदेरी ठिपके, नखानं खरवडले तरी निघत नव्हते. ते ॲल्युमिनियम. पिस्टनचंच. कॉम्प्रेशन बाकी सगळीकडे १५० च्या आसपास, सातव्यात ४०. पिस्टनवर रिंग बसते तो कठडा तुटला असणार, हे न उघडताच कळत होतं.

"किती जाईल?" शेठनं विचारलं. मी आकडा सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला.

"आणि ती डबी मागवली असती तर?"

"डबी न येता मी बटण जोडायला नको होतं," मी म्हटलं. मजुरीतले अर्धे सोडले. त्यानं आग्रह केला नाही, मीही पुन्हा विषय काढला नाही. उरलेल्या गॅसचं काय करायचं विचारलं तर म्हणाला, तुमच्याकडेच ठेवा. मी नको म्हणालो. व्हॉल्व्ह दोनदा तपासून बाटली त्याच्या गाडीत ठेवली, काचा खाली ठेवायला सांगितल्या. गॅस हवेपेक्षा जड, बंद गाडीत गळला तर साचतो आणि माणसाला पेंग येते.

संध्याकाळी पेटी परत द्यायला ससून डॉकला गेलो. मावशींना पहाटेच्या लिलावाला ती हवी होती. त्यांनी झाकण उचललं, आत बघितलं, वास घेतला. बर्फाचं पाणी झालं होतं, खवलं तळाला होती तिथेच.

"यात म्हावरं भरलंच नाय का रं तू?"

"नाही मावशी."

"मग बर्फाचं पैसं?"

मी साठ रुपये दिले.