पळसाला पाने तीन

आईला आधीच सांगून ठेवलं होतं, जाऊन-येऊन सातेक किलोमीटर आहे, चढ फक्त शेवटी. तिने बूट चढवले, ओढणी कमरेला खोचली आणि पिशवीत चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक कांदा टाकला. कांदा कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "उन्हात जायचंय ना?" बाहेर सोळा अंश होतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशीचा शनिवार. आम्ही कॅलिफोर्नियात फॉल्समला राहतो, तिथून ऑबर्न पाऊण तासाच्या आत. ऑबर्नच्या खाली दरीत अमेरिकन नदीचे दोन फाटे, नॉर्थ फोर्क आणि मिडल फोर्क, एकमेकांना मिळतात. इथे त्या जागेला नुसतं 'कन्फ्लुअन्स' म्हणतात. कराडच्या माणसाला संगम दाखवायला नेणं म्हणजे जरा धाडसच, पण म्हटलं बघू.

आई मागच्या वेळी आली होती ती सप्टेंबरात. तेव्हा हेच सगळे डोंगर वाळक्या गवताने पिवळे पडले होते आणि गाडीतून बघून तिने निकाल दिला होता, "दुष्काळी भाग दिसतोय." या वेळी वळणावरून दरी दिसली आणि ती गप्पच झाली. दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत, ओकच्या झाडांना नवी पालवी, उतारांवर पॉपीचे केशरी पट्टे. मग म्हणाली, "चैत्रात असं हिरवं कसं काय?"

इथे पाऊस हिवाळ्यात पडतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि उन्हाळ्यात जवळजवळ थेंब नाही. त्यामुळे आपला श्रावण यांच्याकडे मार्चमध्ये येतो आणि मे संपेपर्यंत सगळं पुन्हा वाळून जातं. हे गवतही मूळचं इथलं नाही. बरंचसं स्पॅनिश लोकांच्या काळात, गुराढोरांबरोबर, भूमध्य सागराकडून आलेलं. मला इथे येऊन बारा वर्षं झाली, तरी वसंत आणि हिरवळ एकाच महिन्यात बघायची सवय काही झालेली नाही. आपल्याकडे वसंत म्हणजे करपलेला डोंगर आणि त्यावर पेटलेला पळस.

लेक क्लेमेंटाईनची वाट नॉर्थ फोर्कच्या काठाकाठाने जाते. रुंद आहे, आईच्या गुडघ्यांना झेपणारी. सुरुवातीलाच निष्पर्ण फांद्यांवर गच्च जांभळट-गुलाबी फुलं आलेलं एक झुडूप लागलं. रेडबड. आई म्हणाली, कांचन. मी म्हटलं, नाही गं, हे वेगळं. घरी येऊन वाचलं तर रेडबड आणि कांचन खरोखर एकाच उपकुळातले निघाले. ते तिला अजून सांगितलेलं नाही.

पुढे सावलीत मायनर्स लेट्यूसचा गालिचा होता. गोल पान, मधोमध देठातून वर आलेलं इवलं पांढरं फूल. सोन्याच्या मागे आलेले खाणवाले स्कर्व्ही होऊ नये म्हणून ही भाजी खात. इथून जवळच कोलोमाला, याच नदीच्या साउथ फोर्कवर, जानेवारी १८४८ मध्ये सोनं सापडलं होतं. भाजी म्हटल्यावर आई खाली वाकलीच. स्टेट पार्कात काही तोडायचं नसतं हे मी सांगेपर्यंत एक पान तोंडात गेलं होतं. "पालकासारखं आहे. लसणाची फोडणी पाहिजे."

मग मात्र मी खरंच ओरडले, कारण तिचा हात पॉयझन ओककडे चालला होता. चकचकीत, लालसर कोवळी पानं, अंगाला लागली की आठवडाभर खाज आणि फोड. म्हटलं, इथे लहान मुलांनासुद्धा शिकवतात, तीन पानं दिसली की हात लावायचा नाही. आई थांबली, पानं मोजली आणि हसायलाच लागली. "म्हणजे इथंही तीनच!"

वाट फॉरेस्टहिल पुलाखालून जाते. मान मागे टाकून बघावं लागतं, ७३० फूट उंच, कॅलिफोर्नियातला सर्वांत उंच पूल. आईचा प्रश्न बरोबर होता: एवढ्याशा नदीवर एवढा पूल कशाला? तर खाली ऑबर्न धरण होणार होतं आणि ही दरी पाण्याने भरणार होती. पूल १९७३ मध्ये पूर्ण झाला. मग १९७५ मध्ये उत्तरेला ओरोव्हिल धरणाजवळ भूकंप झाला, इथल्या धरणाच्या सुरक्षिततेबद्दल शंका निघाल्या, काम थांबलं ते थांबलंच. आम्ही चालत होतो ती वाट, ती फुलं, सगळं बुडणार होतं.

आई बराच वेळ बोलली नाही. तिचं माहेर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्या दिवसाबद्दल ती फारसं बोलत नाही. या वेळी एवढंच म्हणाली, "आमच्याकडं धरण आधी झालं, मग हललं." आणि पुढे, "आक्काच्या अंगावर भिंत आली होती. मी गोधडीत होते म्हणून वाचले." आक्का म्हणून कुणी होती, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मी काही विचारलं नाही. आम्ही चालत राहिलो.

शेवटचा चढ तिने दोनदा बसून काढला. वर गेल्यावर नॉर्थ फोर्क धरणावरून कोसळणारा पाण्याचा रुंद पडदा. हे १९३९ चं, खाणींतून वाहून येणारा गाळ अडवायला बांधलेलं. तिथे दगडावर बसून चपाती-चटणी खाल्ली. कांदा तिने बुक्कीने फोडला आणि खरं सांगते, छान लागला.

परतताना संगमावर उतरलो. वितळलेल्या बर्फाचं पाणी, हात घातला की बोटं बधिर. तिला ते पटलं नाही फारसं. कृष्णा-कोयना कशा समोरासमोर येऊन भिडतात, हे काय बाजूने आल्यासारखं. मग विचारलं, "यातलं नाव कुणाचं टिकतं?" मी म्हटलं, दोन्हींचं अमेरिकनच. "बरंय," ती म्हणाली, "आमच्या कोयनेचं कराडातच संपतं."

घरी आल्या आल्या दोघींचे कपडे धुवायला टाकले, पॉयझन ओकच्या धास्तीने. आईने मावशीला व्हिडिओ कॉल लावला आणि खिडकीतून डोंगर दाखवत म्हणाली, "अगं, इकडं श्रावण चाललाय बघ." मावशीकडे सकाळ झाली होती, गुढी उभारून झाली होती. तिनेही फोन फिरवून त्यांच्या मागचा डोंगर दाखवला. काळा होता. परवा रात्री वणवा लागला म्हणे.