हॅवलॉकला जाताय? एलिफंट बीचची जंगलवाट धरायच्या आधी हे वाचा

दिवाळीला जोडून सुट्टी काढून नवरा-बायको अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर जाणार असाल तर तिथल्या एलिफंट बीचला चालत जायचं की बोटीने, हे एजंटला विचारून ठरवू नका, भरती-ओहोटीच्या वेळा बघून ठरवा. आम्हाला एजंटने छातीठोक सांगितलं, "मॅडम, अर्ध्या तासाची सावलीतली वाट आहे, लोक चपलेवर जातात, बोटीला कशाला पैसे घालता." आम्ही चाळीसगावचे, पाटणादेवीच्या डोंगरात कायम फिरणारे, दोन किलोमीटरचं आम्हाला काय वाटणार. चालण्याचा त्रास नाहीच झाला. त्रास पाण्याचा झाला आणि पाण्याबद्दल तो माणूस एक अक्षर बोलला नाही.

राधानगर बीचच्या रस्त्यावरून ही वाट आत जाते. सुरुवातीचं जंगल मस्त आहे, उंच झाडं, गार सावली. पण अंदमानात नोव्हेंबरातही पाऊस असतो आणि पाऊस पडून गेल्यावर कपाशीच्या शेतातली काळी माती जशी चपलेला किलोकिलोने चिकटते तसा चिखल. इथवर ठीक, चिखल आपल्याला नवा नाही. शेवटच्या टप्प्यात खारफुटी सुरू होते तिथे खरा घोळ आहे. चिखलातून पेन्सिलीएवढी टोकदार मुळं वर आलेली असतात, ओहोटीला ती दिसतात, भरतीला पाण्याखाली जातात आणि पाय नेमका त्यांच्यावरच पडतो. आम्ही दहाला निघालो आणि भरती अकरा-साडेअकराला पूर्ण भरणार होती, हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही. आधी घोटाभर पाणी, मग गुडघाभर, मग मांडीपर्यंत. नवऱ्याच्या सँडलचा बंध तुटला, एक सँडल चिखलातच राहिली, बॅग डोक्यावर घेऊन तो उभा आणि मला विचारतोय, "आते काय करानं?" गाईड पुढून ओरडतोय, बस थोडंच राहिलं. अंदमानच्या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, तसे फलक किनाऱ्यांवर लावलेले आहेत, त्यामुळे त्या गढूळ पाण्यात मांडीपर्यंत उभं राहून मला जी भीती वाटली ती मी आयुष्यात विसरणार नाही.

बीचवर पोचलो तर पुढचा प्रश्न. ओहोटी लागून वाट मोकळी व्हायला संध्याकाळ होणार, आणि तिकडे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. आपल्याकडे दिवाळीत पावणेसहा-सहापर्यंत उजेड असतो, तिथे घड्याळ तेच पण बेटं खूप पूर्वेला, म्हणून अंधार लवकर. अंधारात त्या खारफुटीत जायचा प्रश्नच नव्हता. मग बोट. बोटवाल्याला कळलं की हे अडकलेत, एका बाजूचे पैसे त्याने जाऊन-येऊनच्या पूर्ण पॅकेजएवढे मागितले आणि एक रुपया कमी केला नाही. वर गाईडचे पैसे गेलेच. म्हणजे वाचवायला निघालो ते दुप्पट भरून आलो आणि पॅकेजमध्ये जे स्नॉर्केलिंग (मास्क लावून पाण्याखालचे मासे-प्रवाळ बघणं) असतं ते आम्हाला नाही. माझं स्पष्ट मत, हॅवलॉक जेट्टीवरून सकाळची पहिली बोट पकडा, वीस-पंचवीस मिनिटांत पोचवतात, पैसे गेले तर गेले. चालायचंच असेल तर अष्टमीच्या आसपासचे दिवस बघा आणि ओहोटी सकाळी असेल तरच जा. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतर दोन-तीन दिवस भरतीही मोठी आणि ओहोटीही मोठी, आणि आपली लांब सुट्टी नेमकी दिवाळी नाहीतर होळीची, म्हणजे अमावास्या नाहीतर पौर्णिमाच. कालनिर्णय घरात असतंच, तिकीट काढायच्या आधी तिथी बघा. पायात घट्ट बसणारे बूट हवेत, सँडल नको.

हॉटेल घेतानाही हेच लक्षात ठेवा. गोविंदनगर, विजयनगरच्या बाजूची हॉटेलं फोटोत पाण्याला खेटून दिसतात, ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की समोर नुसते प्रवाळाचे दगड आणि खडक. पोहायला राधानगरलाच जावं लागतं, जेट्टीपासून साधारण बारा किलोमीटर. स्कूटर भाड्याने घ्या, जीपवाले फार सांगतात. राधानगर मात्र एक नंबर, त्याबद्दल काही तक्रार नाही, 2020 मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेला किनारा आहे, आम्ही दोन्ही संध्याकाळी तिथेच होतो.

आता जाण्या-येण्याचं. आम्ही रात्रीच्या गाडीने मुंबई आणि तिथून पोर्ट ब्लेअरचं विमान, चेन्नईला बदलून. एकूण चारच दिवस असतील तर नील बेट, बाराटांग वगैरे एजंट घुसवेल ते काढून टाका, जाण्या-येण्यातच दोन दिवस जातात. तिकिटावर नावं वेगळी दिसली तर गोंधळू नका, हॅवलॉक म्हणजे 2018 पासून स्वराज द्वीप आणि पोर्ट ब्लेअर म्हणजे 2024 पासून श्री विजयपुरम. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला जाणारं सरकारी जहाज फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतं, खासगी हॅडोवरून, चुकीच्या जेट्टीवर जाऊन धावपळ करणारी एक फॅमिली आमच्यासमोर होती. बोट लागत असेल तर गोळी अर्धा तास आधी घ्या, सुटल्यावर घेऊन उपयोग नाही. आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा, हॅवलॉकवरून त्याच दिवशी बोट आणि विमान जुळवायला जाऊ नका, समुद्र खवळला की बोट रद्द होते आणि विमान थांबत नाही.

जेवण बंगाली पद्धतीचं, तिथली बरीच गावं पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली. माशांचं कालवण आवडत असेल तर मजा आहे. आम्ही शाकाहारी, तिसऱ्या जेवणाला नवऱ्याला शेवभाजी आठवायला लागली, तेव्हा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी डबा भरून न्या. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा, बेटावर एटीएम मोजकी. शिंपले आणि प्रवाळ उचलून बॅगेत टाकू नका, बेकायदा आहे, विमानतळावर बॅग उघडून काढून घेतात, आमच्या पुढच्या जोडप्याचे सगळे काढले आणि त्यात त्यांची बराच वेळ चौकशी झाली.