एक फेरी जास्त

मिथुन राशीत जे०६५१+२८४४ ही श्वेत बटूंची, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या घट्ट ताऱ्यांची, जोडी आहे. दोन्ही तारे ७६५ सेकंदांत, म्हणजे पावणेतेरा मिनिटांत, एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. त्यांच्यातील अंतर पृथ्वी-चंद्र अंतराच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. २०११ मध्ये लागलेल्या तिच्या शोधाला तप होत आले असताना आम्ही तिची ग्रहणे, म्हणजे एक तारा दुसऱ्याला झाकतो त्या वेळा, पुन्हा मोजली आणि त्या निरीक्षणांचे गणित हाती आले, तो दिवस माझ्या कायमचा लक्षात राहिला आहे.

आलेखावर दर फेरीत प्रकाश सुमारे एक पंचमांशाने खाली जाताना स्वच्छ दिसत होता. ग्रहणांच्या मधल्या रेषेलाही हलका फुगवटा होता, कारण जोडीदाराच्या ओढीने लांबोळ्या झालेल्या ताऱ्याची रुंद बाजू समोर आली की तो किंचित उजळतो. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणामुळे प्रकाश पोहोचण्याच्या वेळेत दोन्ही बाजूंना आठ मिनिटांपर्यंत फरक पडतो. ती दुरुस्ती करून आम्ही ग्रहणांच्या वेळा २०११ च्या आवर्तकालावरून काढलेल्या भाकिताशी ताडून पाहिल्या. नव्यानेच आलेली विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, फरक तर जवळजवळ शून्यच येतोय. मग आवर्तकाल घटतोय तो कुठे?”

प्रश्न रास्त होता. गुरुत्वीय लहरी, म्हणजे फिरत्या वस्तुमानांमुळे अवकाशात उठणारे तरंग, या जोडीची ऊर्जा सतत वाहून नेत असल्याने आवर्तकाल वर्षाला सुमारे ०.३ मिलिसेकंद घटतो. एका रात्रीत ही घट मोजणे अशक्य. पण तिचा परिणाम साठत जातो, आणि तोही काळाच्या वर्गाच्या पटीत. पहिल्या वर्षातच ग्रहण सुमारे सहा सेकंद आधी येऊ लागल्याची नोंद २०१२ मध्ये झाली होती. त्या हिशेबाने दोन वर्षांत चोवीस सेकंद होतात, आणि दहा वर्षांत दहा मिनिटे.

मी तिला मधल्या वर्षांच्या नोंदी त्याच आलेखावर मांडायला सांगितल्या. बिंदू खाली झुकणाऱ्या अन्वस्तावर बसत गेले, आणि आमचे बिंदू शून्यावरून ७६५ सेकंद खाली नेले तेव्हाच तो वक्र अखंड राहिला. भाकिताच्या वेळी दिसलेले ग्रहण त्या क्रमांकाचे नव्हतेच, ते त्याच्या पुढचे होते. जोडीने एक फेरी जास्त मारली होती! गुरुत्वीय लहरी थेट टिपल्या जायला २०१५ साल उजाडावे लागले. इथे त्यांचे काम साध्या दृश्य प्रकाशात आमच्यासमोर मांडलेले होते.

सुमारे नऊ लाख वर्षांत हे तारे इतके जवळ येतील की हलक्या ताऱ्यातले द्रव्य जड ताऱ्याकडे वाहू लागेल. दोघांचे मिळून वस्तुमान सूर्याच्या पाऊणपटीच्या आसपास, म्हणजे श्वेत बटूला पेलता येणाऱ्या कमाल वस्तुमानाच्या, १.४ पटींच्या चंद्रशेखर मर्यादेच्या, बरेच खाली आहे. त्यामुळे ती मर्यादा ओलांडून होणारा स्फोट इथे संभवत नाही. एकतर हलक्या ताऱ्यातल्या हेलियमचा हा ओघ दीर्घकाळ चालू राहील, नाहीतर दोघांचा मिळून एक तारा होईल. कोणती वाट खरी, हे भरतीबलांवरही, म्हणजे एकमेकांना लांबोळे करणाऱ्या ओढीवरही, अवलंबून आहे. या बलांमुळे तारे स्वतःभोवती वेगाने फिरू लागत असतील, तर ती ऊर्जाही कक्षेतूनच जाते, आणि आवर्तकालाची घट निव्वळ लहरींच्या हिशेबापेक्षा काही टक्क्यांनी जास्त यायला हवी. तेवढा फरक वेगळा काढायचा तर दोन्ही वस्तुमाने अधिक अचूक हवीत. म्हणून त्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी ताऱ्यांचे वेग, आणि त्यावरून वस्तुमाने, सांगणाऱ्या वर्णपटांसाठी दुर्बिणीच्या वेळेचा अर्ज लिहायला घेतला.