आमची वाटचाल : पी ०८४१ आणि सरांची वही

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या आधी दुसरीकडे जाऊन आलेल्या असतात. पैसे गेलेले, गाडी तशीच, मालक वैतागलेला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं इलेक्ट्रिकल काम घेतलं की हे आलंच. पण एका गाडीच्या वेळी वैतागलेला मालक आमच्यावरच वैतागलेला होता, आणि त्या गाडीपायी आमचं शटर कायमचं खाली यायचं तेवढं राहिलं होतं.

सुरुवातीला आम्ही दोघंच. मी गिअरबॉक्स खोलणारा, भागीदार वायरमन. त्याच्या मल्टिमीटरच्या नॉबला तडा गेलेला, पण दुसऱ्या कुणी मीटरला हात लावलेला त्याला खपायचं नाही. प्रोब म्हणून शिवणकामाची सुई. कनेक्टरच्या मागून, रबरी सीलच्या कडेने ती अशी सरकवायचा की वायरला ओरखडा येत नसे. वायर सोलून मीटर लावणाऱ्याला तो कारागीरच मानत नसे.

तर ती गाडी. वरचे गिअर पडेनात, एकाच गिअरमध्ये अडकून गाडी रखडत चालायची. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. त्यावर कोड पी ०८४१, म्हणजे ट्रान्समिशन प्रेशर सेन्सरचं रीडिंग पटत नाही. तेलाची पातळी बरोबर, रंग बरोबर. सेन्सर बदलला. आठवड्याने गाडी परत. सेन्सरच खराब निघाला असेल म्हणून पुन्हा बदलला. पुन्हा परत. आमच्या आवारात मात्र गाडी शहाण्यासारखी चालायची.

मालक चिडून मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. नाव घेत नाही, टाइल्सची फरशी आणि वेटिंग रूममध्ये एसी असलेलं वर्कशॉप. तिथे गाडी न खोलता सांगितलं की अख्खा गिअरबॉक्स गेला आणि तो ‘त्या दोन पोरांनी’ घालवला. त्यांच्या काउंटरवर हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं जायचं. आमच्याकडचं काम महिनाभरात आटलं. भागीदार नोकरी शोधू लागला. मी त्याला दोष देत नाही.

तेव्हा त्या गाडीचे मालक पुन्हा आले. निवृत्त शिक्षक, आम्ही सर म्हणायचो. नवा गिअरबॉक्स घेण्यापेक्षा तुम्हीच एकदा नीट बघा, म्हणाले, आणि एक वही पुढे ठेवली. गाडी अडकली की तारीख, वेळ, हवा, सगळं शिस्तीत लिहिलेलं. अकरा नोंदी, अकराही संध्याकाळनंतरच्या किंवा दाट पावसातल्या. आम्ही फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणाची कॉम्प्युटरने ठेवलेली नोंद, पाहिली होती. तिच्यात तापमान, वेग, गिअर होतं. बाहेर अंधार आहे की नाही, हे स्कॅनर कुठे लिहितो?

भागीदाराने वही दोनदा वाचली आणि विचारलं, “सर, फॉग लॅम्प कधी बसवले?”

इंजिन बंद, फक्त इग्निशन ऑन. सेन्सरला तीन वायरी : ५ व्होल्ट, अर्थ (अर्थिंगची वायर), सिग्नल. दाब शून्य असताना सिग्नल ०.५ व्होल्टच्या आसपास हवा, आणि तसा तो होता. मग फॉग लॅम्प लावले. मीटर ०.८६. इंजिन फिरत नाही, पंप फिरत नाही, आणि स्कॅनर जवळजवळ २ बार दाब दाखवतोय! सेन्सरची अर्थ आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर धरलं, तर ०.४ व्होल्ट. तिथे ०.१ सुद्धा जास्त.

हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, टेप सोडवली. फॉग लॅम्पच्या रिलेची (लॅम्प चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचची) अर्थ सरळ सेन्सरच्या अर्थला पीळ मारून जोडलेली. सोलताना अर्ध्या तारा तुटलेल्या, उरलेल्यांवर हिरवा गंज. रिलेचा करंट त्यातून जाऊ लागला की अर्थचा व्होल्टेज शून्यावरून वर उचलला जायचा आणि कॉम्प्युटरला खोटा दाब दिसायचा. लॅम्प कुणी बसवले होते, हे सरांनी सांगितलं तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो. टाइल्सवाल्यांनीच!

वायर नीट जोडली, रिलेची अर्थ वेगळी बॉडीला दिली. खात्रीसाठी गिअरबॉक्सच्या टेस्ट पोर्टला तेलाचा दाब थेट दाखवणारा काट्याचा गेज लावून सरांच्याच गाडीतून रात्री फिरलो. गेज आणि स्कॅनर हातात हात घालून चालले. सरांनी वहीत बारावी नोंद केली : ‘लॅम्प लावून गेलो. काही झाले नाही.’ पुढे सरांनी किती गाड्या पाठवल्या, मोजल्या नाहीत.

नव्या मुलांनो, विचारलं नाहीत तरी सांगतो. कोड आधी लिहून घ्या, मग पुसा. इंजिन बंद ठेवून शून्याचं रीडिंग घेतल्याशिवाय सेन्सरला पाना लावू नका. एकाच वायरचा प्रेशर स्विच असेल तर आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळू नका, त्याला अर्थ बॉडीतूनच मिळते. आणि गिऱ्हाइकाला ‘कधी होतं?’ हे तीन वेळा विचारा. आम्ही एकदाच विचारलं होतं.

नंतरची वर्षं बरी गेली. भागीदार पुढे नोकरीला गेलाच, मीटर मात्र इथेच ठेवून.

मध्यंतरी टाइल्सवाल्यांचा फोरमन आला, काट्याचा गेज एक दिवस मिळेल का म्हणाला. दिला. अडॅप्टरांचा डबा कपाटातच राहू दिला. त्याशिवाय तो गेज कुठल्याच पोर्टला बसत नाही. त्यासाठी पुन्हा येतील.