सोसायटीच्या गच्चीवर सोलर: ऊन सोडा, बिल बघा

मुंबईत सोलर परवडतं का असं विचारलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "अहो पण पावसाळ्यात काय?" अहो, पावसाळा धरूनच हिशोब करतात. १ किलोवॅटमागे वर्षाला साधारण १३०० युनिट, म्हणजे दिवसाला सरासरी साडेतीन, ह्यात जुलै-ऑगस्टचे रडके दिवस आलेच. उलट पावसात कबुतरांची घाण फुकटात धुऊन निघते. मे महिन्याचं मात्र कोणी काढत नाही, भर दुपारी पॅनल ६० डिग्रीला पोचतं आणि २५ च्या वर प्रत्येक डिग्रीला साधारण ०.४ टक्के वीज घटते, म्हणजे एवढं कडक ऊन असून १४ टक्के गेले.

खरा प्रश्न हा की तुम्ही कुठल्या रेटची वीज वाचवताय. राजस्थानात भडल्याच्या सोलर पार्कसाठी २०१७ च्या लिलावात युनिटला २ रुपये ४४ पैशांची बोली लागली होती, पण तो भाव माळरानावरच्या मोठ्या प्लांटचा, आपल्या गच्चीवर कोणी त्या खर्चात वीज बनवून देणार नाही. आणि गरजही नाही, कारण आपली तुलना आपल्या बिलाशी. सोसायटीचं कॉमन मीटर म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, हे सगळं मिळून ५०० युनिटच्या वरच्या स्लॅबमध्ये जातंच, आणि नेट मीटरिंगमध्ये (म्हणजे आपण बनवलेली युनिटं बिलातल्या युनिटांतून वजा होतात) आधी तीच सगळ्यात महाग युनिटं कापली जातात. ज्याच्या घरी महिन्याला ९० युनिट येतात त्याने मात्र ह्या भानगडीत पडूच नये.

आकडे मांडते. २० किलोवॅटला २००० स्क्वेअर फूट मोकळी गच्ची लागते. आमच्याकडे पापड, हळदी, गरबा सगळं गच्चीवरच असल्याने उंच स्ट्रक्चर हवं, म्हणून किलोवॅटला ७० हजार धरले, १४ लाख झाले. पीएम सूर्यघर योजनेत (२०२४ ची) सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे १८ हजार सबसिडी आहे, म्हणजे ३ लाख ६० हजार वजा. वर्षाला २६ हजार युनिट, १० रुपयांनी धरलं तरी २ लाख ६० हजार वाचतात. चार वर्षांत वसूल! पॅनलची वॉरंटी २५ वर्षांची, मध्ये एकदा इन्व्हर्टर बदलावा लागेल तो खर्च वेगळा.

आता मुंबईची खास अडचण, रिडेव्हलपमेंट. इमारत चाळीस वर्षांची, बिल्डर चकरा मारतोय, आणि आपण २५ वर्षांचं काहीतरी वर ठोकतोय. पॅनल काढून विकता येतील पण पडेल भावात, स्ट्रक्चर भंगारात आणि मजुरी पाण्यात. त्यामुळे माझं मत सरळ आहे, पाच वर्षांत पाडकाम दिसत असेल तर नको, आणि नुसतीच चर्चा पंधरा वर्षं चालू असेल (बहुतेक ठिकाणी तेच) तर खुशाल लावा.

दुसरं म्हणजे बाजूचा टॉवर. पॅनल एकामागे एक जोडलेली असतात, एकावर पाण्याच्या टाकीची सावली आली की अख्खी लाइन ढेपाळू शकते, म्हणून डिसेंबरात, सूर्य खाली असताना, सकाळी नऊपासून चारपर्यंत सावली कुठे पडते ते वर जाऊन बघाच. तौक्तेचा वारा आठवत असेल तर स्ट्रक्चरचं डिझाइन इंजिनिअरकडून सही करून घ्या.

आणि हो, लाइट गेले की सोलरही बंद. बऱ्याच जणांना हे पटत नाही, पण खांबावर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ग्रिड गेलं की इन्व्हर्टर आपोआप थांबतो. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्खी मुंबई अंधारात गेली तेव्हा बॅटरी नसलेली ग्रिडवाली सोलरही झोपलीच असणार. लिफ्ट चालू हवी तर जनरेटर ठेवा.

आमच्याकडे सध्या तीन कोटेशन आलीत. स्लॅबला भोक पाडायचं की काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभं करायचं ह्यावर कमिटीत भांडण चालूये, आणि गच्ची गळली तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हे लिहून द्यायला तिघांपैकी एकही तयार नाही.