किती सुटतात?

"घरबसल्या गप्पा मारायचे पैसे मिळतात म्हणे तुम्हाला. महिन्याला किती सुटतात हो?"

हा प्रश्न मला दादरच्या फलाटावर विचारला गेलाय, हळदीकुंकवात विचारला गेलाय, आणि एकदा दातांच्या खुर्चीत आडव्या झालेल्या पेशंटबाईंनी, डॉक्टर आत यायच्या आधीच्या दोन मिनिटांत विचारलाय. (मी भांडुपला राहते आणि दादरच्या एका डेंटल क्लिनिकमध्ये सकाळची पाळी रिसेप्शनवर बसते.) उत्तर द्यायला मी जरा घुटमळते, तेव्हा समोरच्याला वाटतं की बाई आकडा लपवतेय. तसं नाही. माझ्या वहीत या प्रश्नाची तीन उत्तरं आहेत आणि कुठलं द्यावं ते मला पटकन ठरवता येत नाही.

आधी काम काय ते सांगते. साबण, तेल, मसाले, मुलांच्या ट्यूशनची ॲप्स, जे काही विकलं जातं, ते विकणाऱ्याला आपण ते का घेतो किंवा का घेत नाही हे ऐकायचं असतं. त्यासाठी ते रिसर्चवाल्यांना पैसे देतात आणि रिसर्चवाले त्यातले थोडे आम्हाला. पूर्वी वस्तीतल्याच एखाद्या ताईंच्या हॉलमध्ये आठजणींना बसवायचे, चहा-वेफर्स आणि जाताना पाकीट. २०२० च्या लॉकडाऊननंतर त्यातलं बरंच मोबाईलवर आलं. कधी दीड तासाचा व्हिडिओ कॉल असतो. कधी तीन दिवसांची लेखी चर्चा असते: सकाळी प्रश्न येतो, रात्रीपर्यंत उत्तर लिहायचं, शिवाय बाकीच्या दोघी-तिघींच्या उत्तरांवर आपलं मत द्यायचं, आणि मध्येच मॉडरेटर, म्हणजे चर्चा चालवणारी बाई, म्हणते, "ताई, तुमच्या तेलाच्या डब्याचा फोटो टाका ना, पुसू नका, आहे तसाच." कांजूरमार्ग ते कुर्ला एवढ्यात माझं एक उत्तर लिहून होतं, बसायला मिळालं तर.

पण चर्चेत घेण्याआधी चाळणी असते. रिक्रूटर, म्हणजे चर्चेसाठी बायका जमवणारी, फोन करते आणि पंधरा मिनिटं प्रश्न विचारते. घरात कुणी जाहिरात कंपनीत, पेपरात, रिसर्चमध्ये आहे का? मग घराची प्रतवारी. भारतात २०११ पासून एक पद्धत वापरात आली: घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण किती, आणि ठरलेल्या ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, चारचाकी, एसी, आणि अकरावी शेतजमीन. भांडुपच्या साडेतीनशे स्क्वेअर फुटांत बसून "शेतजमीन आहे का?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? संगमेश्वरकडे आमची जमीन आहे, पण सातबाऱ्यावर सतरा नावं आणि वाट्याला येतात ते दोन फणस. मी "आहे" म्हणते. माझी जाऊ "नाही" म्हणते. जमीन तीच, फणस तेच, पण तिचं घर एका वस्तूने मागे राहतं. या एका प्रश्नावर आम्हा दोघींत एकदा चांगलाच वाद झालाय.

तर वही. सुरुवातीला मी काहीच लिहून ठेवत नव्हते. पाचशे आले, छान, भाजी आणली. सातशे येणार होते, आले असतील. मग एकदा एका रिक्रूटरला मी तिसऱ्यांदा विचारलं, "अहो, ते शाम्पूच्या चर्चेचे आले नाहीत," तर ती म्हणाली, "मॅडम, कधीच दिलेत." आले होते की नव्हते, मला सांगता येईना. यूपीआयवर रोज दूध, रिक्षा, वडापाव, क्लिनिकची शिपाईबाई, सगळ्यांचं येणं-जाणं. त्यात पाठवणाऱ्याचं नाव कंपनीचं नसतं, कुणातरी भलत्याच माणसाचं असतं. अर्धा तास बोट सरकवून शेवटी पैसे सापडले. खरंच दिले होते. मी त्या बाईची माफी मागितली आणि येताना स्टेशनबाहेरून दोनशे पानी वही घेतली.

आता प्रत्येक कामाला एक ओळ. तारीख, विषय, कोणाकडून, किती मिनिटं, कबूल केलेले किती, आले किती, कशातून आले, कधी आले. कबूल केलेला आकडा पेन्सिलीने. पैसे हातात आले की त्यावर पेनाने. एक्सेलमध्ये कर, असं मुलगा सांगतो. केलं होतं. पण एक्सेलमध्ये पेन्सिल नाही, आणि न आलेल्या पैशांचा आकडा आलेल्याइतकाच ठळक दिसतो.

२०२३ च्या एप्रिलपासून २०२४ च्या मार्चपर्यंतचं वर्ष मी पहिल्यांदा पूर्ण लिहिलं. ३१ कामं. पेन्सिलीची बेरीज १९,४०० रुपये. म्हणजे महिन्याला सोळाशेच्या वर. हे झालं पहिलं उत्तर, आणि हळदीकुंकवात सांगायला हेच बरं दिसतं.

मग पेनाची बेरीज केली. बँकेत आणि यूपीआयवर आलेले ९,८५०. महिन्याला आठशे वीस. हे दुसरं उत्तर.

मधले गेले कुठे? ५,५०० रुपयांची व्हाउचर्स. व्हाउचर म्हणजे पैसेच, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचे. एक व्हाउचर ५०० चं होतं, एका हॉटेलचं, तेही फक्त मॉलमधल्या शाखेत चालणारं. दोघं गेलो. बिल १,३४०. पाचशे कमावले म्हणून ८४० घालवून घरी आलो, आणि पनीर कोरडं होतं. तेव्हापासून व्हाउचरचा रकाना वेगळा केला. १,४०० रुपयांचे पॉइंट्स. पॉइंट्सचं असं असतं की अमुक इतके जमल्याशिवाय काढता येत नाहीत, आणि तुम्ही त्या आकड्याजवळ पोचलात की तुमच्या वयाच्या बायका त्यांना अचानक नको होतात. २,००० रुपये आलेच नाहीत. त्यातले पाचशे एका फॅब्रिक कंडिशनरच्या चर्चेचे. त्यासाठी बाटलीही मीच विकत आणली होती, तिचे पैसे "नंतर ॲड करू" म्हणाले होते.

उरले ६५०. यांची गंमत थोडी सविस्तर सांगते, कारण इथे बऱ्याचजणी पैसे सोडून देतात. दोन कामांना पॅन कार्ड मागितलं होतं, एक २,५०० चं आणि एक ४,००० चं. दोन्हीतून दहा टक्के कापून आले. आपल्याला वाटतं कमिशन कापलं. ते कमिशन नसतं, टीडीएस असतो, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर, आणि पॅनवर जमा झाला असेल तर इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, दिसतो. माझ्या वहीत दोन ओळींपुढे आकडे तुटके होते म्हणून मी शोधायला गेले आणि दोन्ही सापडले. क्लिनिकचा पगार आणि हे मिळून माझं उत्पन्न कर लागण्याइतकं नाही, म्हणून कापलेले परत मिळायला हवेत. पण रिटर्न भरल्याशिवाय ते परत येत नाहीत. २०२४ च्या जुलैत मुलाला शेजारी बसवून रिटर्न भरलं. ही कमाई "इतर स्रोतांतून उत्पन्न" या सदरात दाखवली, व्हाउचरसकट. ६५० साठी दोन संध्याकाळी गेल्या. महिन्याभराने बँकेचा मेसेज आला तेव्हा मी क्लिनिकमध्ये इतकी हसले की डॉक्टर बाहेर आल्या.

तिसरं उत्तर वेळेचं. ते मी कुणाला सांगत नाही, पण तुम्ही विचारलंत.

चर्चेची म्हणून मोजलेली वेळ वर्षभरात ७१ तास होती. १९,४०० ला ७१ ने भागलं की ताशी २७३ रुपये. वा! दातांच्या दवाखान्यात मला तेवढे मिळत नाहीत. पण चाळणीचे फोन? पंधरा मिनिटं बोलून "सॉरी मॅडम, या वयोगटाचा कोटा भरला"? कॉल जोडून वीस मिनिटं बसवून ठेवतात, कारण क्लायंट अजून आलेला नाही. पैशांसाठी केलेले फोन. हे सगळं मी वहीत डाव्या बाजूला बारीक अक्षरात लिहीत होते. त्याची बेरीज ३८ तास झाली. म्हणजे एकूण १०९. हातात आलेले ९,८५०. ताशी ९० रुपये.

ही बेरीज केली त्या रविवारी मी गिरगावात आईकडे होते. आईने ऐंशीच्या दशकात लिज्जतसाठी पापड लाटले. ती संस्था गिरगावातच १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केली, हे तिथल्या जुन्या चाळींतून अजून अशा थाटात सांगितलं जातं की जणू प्रत्येकाची आजी त्या सातांत होती. माझी आजी नव्हती. आई सकाळी मळलेलं पीठ घरी आणायची, दिवसभर लाटायची, उपड्या टोपलीवर पापड वाळवायची. दुसऱ्या दिवशी तिथे नेऊन दिले की वजन व्हायचं, किलोमागे ठरलेली लाटणावळ हातात पडायची, नवं पीठ मिळायचं. आम्ही मुलं टोपलीच्या आसपास फिरकलो तरी पाठीत धपाटा.

तिला मी माझे रकाने दाखवले. चष्मा लावून तिने ते नीट पाहिले. पेन्सिलीच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे काय?" म्हटलं, "कबूल केलेले." "आणि हे?" "आलेले." ती म्हणाली, "मग दोन रकाने कशाला? आमच्यात एकच असायचा." मी समजावायला लागले, की चर्चा झाल्यावर ते तपासतात, उत्तरं पुरेशी लांब आहेत का बघतात, क्लायंट पैसे सोडतो, मग एजन्सी, मग रिक्रूटर, चाळीस-पन्नास दिवस लागतात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुमचं वजन कोण करतं?"

मला उत्तर आलं नाही. तिच्या पापडांचं वजन तिच्यासमोर काट्यावर व्हायचं. काटा तिला दिसायचा. माझ्या एका चर्चेचे तीनशे कापले होते, कारण "तिसऱ्या दिवशीची उत्तरं त्रोटक". किती शब्द म्हणजे त्रोटक नाही, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून काम घेताना मी दोन प्रश्न लेखी विचारते: पैसे किती दिवसांत, आणि कापले तर कशावरून. उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवते. काही रिक्रूटर या प्रश्नांनंतर परत फोन करत नाहीत. एक मात्र म्हणाली, "मॅडम, तुम्ही बरोबर विचारताय, मलाही कळवत नाहीत." तिचे स्वतःचे पैसे माझ्यापेक्षा जास्त अडकलेले होते.

वहीने आणखी एक गोष्ट उघडी पाडली, ती माझीच. चाळणीत हमखास एक प्रश्न असतो: गेल्या सहा महिन्यांत अशा कुठल्या चर्चेत भाग घेतलात का? रिक्रूटर स्वतःच सांगते, "नाही म्हणा हं मॅडम." मी बिनदिक्कत "नाही" म्हणत होते. त्यांना नवखी बाई हवी असते, आणि मी डिटर्जंटवर चारदा बोललेली. कोणतं वाक्य मॉडरेटरला आवडतं हे मला कळायला लागलं होतं. "फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त असं वाटतं, पण खरं सांगू का..." हे मी तीन वेळा, तीन कंपन्यांना, पहिल्यांदाच सुचल्यासारखं सांगितलंय. डोक्यातून ते निसटून गेलं असतं. पण वहीत तारखांसकट एकाखाली एक चार ओळी होत्या. आता मी खरं सांगते. सात-आठ कामं त्यामुळे गेली, आणि पुढच्या वर्षीची पेनाची बेरीज ७,२०० वर आली.

एक मात्र सगळ्यांना बजावते, कारण हा प्रश्न विचारणाऱ्यांतल्या निम्म्याजणी शेवटी "मलाही जोडून द्या ना" म्हणतात. या वहीत "आपण भरलेले" असा रकाना नाही. त्या बाटलीनंतर तर मुळीच नाही. आमच्याच मजल्यावरच्या एका मुलाला टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे दीडशे रुपये खरोखर मिळाले, मग "प्रीमियम टास्क"साठी आधी पैसे भरा म्हणाले, आणि त्याचे चाळीस हजार गेले. अशा ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा हे त्याला तीन दिवसांनी कळलं. चर्चेला बोलावणारा तुमच्याकडे एक रुपया जरी मागत असेल तर फोन ठेवा.

मग कशाला करता, असं पुढे विचारतातच. संध्याकाळी घरात मुलगा कानात हेडफोन घालून, हे टीव्हीसमोर, आणि मला कुणीतरी विचारत असतं की ताई, फोडणीत आधी मोहरी का जिरं, आणि का? त्या "का"वर मी एकदा अकरा ओळी लिहिल्या. नागपूरच्या एकीने खाली लिहिलं, "चूक." मग आमची जुंपली. ते वहीत कुठल्या रकान्यात लिहू?

या वर्षीचं विचाराल तर आजपर्यंत पेनाने २,९५० आहेत. पेन्सिलीने १,२०० जूनपासून तसेच पडून आहेत, एका वॉटर प्युरिफायरच्या चर्चेचे. दर महिन्याच्या दहा तारखेला मी फोन करते. परवा ती म्हणाली, "मॅडम, क्लायंटकडून आलं की लगेच." तारीख आणि तिचं वाक्य दोन्ही समासात लिहून ठेवलंय. तिथे आता जागा संपत आलीय.